थर्माकोलचं टेबल, रबराच्या टाचण्या : एका प्रतिक्रियेला उत्तर

'लाल माती' या नावाने लिहिणारे वाचक यांस,

अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या कुस्तीत गाजलेल्या मिक फोलीच्या कारकिर्दीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं वाचलं. ज्यांच्या नजरेतून सुटलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की निकाल आधी ठरलेला असतो, म्हणजे ही निव्वळ नुरा कुस्ती. "टेबल थर्माकोलचं, टाचण्या रबराच्या, रक्त टोमॅटो सॉसचं, सोळा फुटांवरून पडणं म्हणजे गादीवर उडी, हा हा हा." अशा 'नाटक्या'ला पैलवान म्हणणं हा मातीचा अपमान. पिंजऱ्यातल्या लढतीची तारीख मी चुकवली. आणि शेवटी, बायकापोरांच्या डोळ्यांदेखत डोकं फोडून घेणाऱ्या माणसाचं एवढं काय कौतुक.

आधी तारीख. मी २९ जून लिहिली होती, अंडरटेकर या पैलवानाबरोबरची, छप्पर असलेल्या जाळीच्या पिंजऱ्यातली ती लढत २८ जून १९९८ला अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिव्हिक अरीनात झाली. तिकडे रविवारची रात्र होती, आपल्याकडे सोमवारची पहाट उजाडली होती, गोंधळ तिथून झाला. तरी चूक ती चूक. दुरुस्त केली आहे, आभार.

आता बाकीचं. मुद्दा तेवढाच असता तर दोन ओळींत भागलं असतं. पण तुमच्या सोळा ओळींत तीन वेळा 'हा हा हा' आहे, दोनदा 'लेखक महाशय' आहे आणि 'आधी लंगोट बांधून बघा, मग लिहा' असा एक सल्लाही आहे. क्रिकेटवर लिहिणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही पॅड बांधायला लावता का? मी १९९६पासून हा प्रकार बघतोय. केबल, मग व्हीसीडी, मग इंटरनेट. त्या पिंजऱ्याची चित्रफीत मी थांबवून थांबवून इतक्या वेळा पाहिली आहे की हसण्यावारी नेलेलं थोडं लागतं. असो. तुमच्या त्या एका वाक्याकडे वळतो, कारण सगळा डोलारा त्यावरच उभा आहे: ठरलेलं असतं, म्हणजे लागत नाही.

ठरलेलं असतं ते कोण जिंकणार, आणि साधारण कशानंतर काय होणार. जमीन काही ठरवून मऊ होत नाही.

तिकडच्या रिंगमध्ये खाली लोखंडी चौकट असते, तिच्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर बोटभर जाडीचा फोम आणि वर ताणून बांधलेलं कॅनव्हास. फळ्या किंचित लवतात, उसळी तेवढीच. तुमच्या तालमीतली माती खोदलेली, चाळलेली, तेल-ताक-हळद घालून भुसभुशीत केलेली असते. पाठीवर पडायला दोन्हींपैकी कुठली जागा बरी, हे तुम्हीच सांगा, लंगोट तुम्ही बांधलाय.

पडायचंही एक शास्त्र आहे. त्याला तिकडे 'बम्प घेणं' म्हणतात आणि शिकाऊ पोराला महिनोन्‌महिने तेच करायला लावतात. हनुवटी छातीला टेकवायची, नाहीतर डोकं चाबकासारखं मागे जाऊन फळीवर आपटतं. पाठीचा वरचा, रुंद भाग एकदम टेकला पाहिजे. दोन्ही हात पसरून तळवे त्याच क्षणी खाली आपटायचे म्हणजे मार वाटला जातो. कोपर आधी टेकलं तर कोपर जातं, माकडहाड आधी टेकलं तर ते. श्वास सोडत पडायचं. छातीत कोंडून पडलात तर पुढचे काही क्षण तोंड नुसतं उघडमीट करत राहतं. हे फोली पेनसिल्व्हेनियातल्या फ्रीडम गावी डॉमिनिक डेनुची या जुन्या पैलवानाकडे शिकला. कॉलेज न्यूयॉर्क राज्यात, शनिवार-रविवार तालीम पेनसिल्व्हेनियात, झोप गाडीत. पहिली लढत १९८६ची. त्याची कारकीर्द तिथपासून धरा.

आणि हे सगळं तंत्र रिंगपुरतं. फोलीची अडचण अशी की तो रिंगबाहेर पडायचा. त्याचा ठरलेला डाव म्हणजे रिंगच्या कडेवरून धावत खाली उडी, प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर कोपर. प्रेक्षकाला कोपर दिसतं. भार जातो नितंबाच्या हाडावर, आणि खाली सिमेंटची फरशी, फार तर वर पातळशी गादी. समोरच्याला न लागता ही उडी मारायची तर आपलंच हाड आधी टेकवावं लागतं. नाटक म्हणाल तर हेच, मार समोरच्याला बसलेला दिसायचा आणि घ्यायचा आपण. रात्रीमागून रात्री, वर्षानुवर्षं. एप्रिल १९९३मध्ये व्हेडर या पैलवानाबरोबरच्या लढतीत ती पातळ गादीही मुद्दाम बाजूला सारली होती. उघड्या फरशीवर पॉवरबॉम्ब, म्हणजे उचलून पाठीवर आपटणं. मेंदूला मार बसला आणि डाव्या पायाची संवेदना काही काळ गेली. तिथं थर्माकोल नव्हता.

आता सोळा फूट आणि 'गादी'.

पिंजऱ्याचं छप्पर सुमारे १६ फुटांवर, म्हणजे पाच मीटरला थोडं कमी. फोलीचं वजन त्या काळात १३० किलोच्या आसपास. गणित शाळेतलंच आहे: एवढ्या उंचीवरून माणूस खाली येतो तेव्हा वेग ताशी ३२ ते ३५ किलोमीटर होतो. अंडरटेकरने त्याला फेकलं ते स्पॅनिश समालोचकांच्या टेबलावर. टेबल लाकडी होतं आणि ते मोडलं. मोडतं म्हणून ते खोटं, असं तुमच्यासारखे बरेच जण समजतात. टेबल मोडतं म्हणून माणूस वाचतो. मोडताना ते मार थोडा खाऊन टाकतं, थांबायला हातभर जागा देतं. न मोडणारं टेबल ही तर पैलवानाची खरी भीती. आणि मधोमध न पडता कडेवर पडलात तर बरगड्या. फोलीचा खांदा तिथेच निखळला. हे सगळं आखलेलं होतं बरं का. हा नियोजनबरहुकूम गेलेला भाग आहे.

दुसरं पडणं आखलेलं नव्हतं. स्ट्रेचरवरून उठून तो पुन्हा छपरावर चढला. अंडरटेकरने गळा धरून त्याला जाळीवर आपटलं आणि जाळीचा तो तुकडा खालून निसटला. टेबलावर पडताना निदान कुठे पडायचंय ते ठाऊक होतं. इथं पायाखालचंच गेलं. फोली सरळ रिंगमध्ये. वर असलेली लोखंडी खुर्ची त्याच्या मागोमाग आली आणि तोंडावर बसली. दात गेला, जबडा निखळला, शुद्ध हरपली. फोलीनेच पुढे सांगितलंय की त्याला नीट वर उचलता आलं नाही, अंगात त्राणच उरलं नव्हतं, म्हणून तो पाठीवर पडला. व्यवस्थित उचलला गेला असता तर उलटा होऊन मानेवर गेला असता. डाव बिघडला म्हणून जीव वाचला.

त्यानंतरची दोन-तीन मिनिटं तुम्ही एकदा नीट पाहा. टेरी फंक हा दुसरा पैलवान रिंगमध्ये येतो आणि अंडरटेकर त्याला गळा धरून आपटतो, फंकचे बूट रिंगमध्येच राहतात. लोक हसतात. तो विनोद नव्हता. फोलीला शुद्धीवर यायला वेळ हवा होता आणि वेळ काढायचा दुसरा मार्ग नव्हता. अंडरटेकरचा स्वतःचाही पाय त्या रात्री मोडलेला होता. मग कॅमेरा फोलीच्या चेहऱ्यावर जातो. ओठाला भोक, दाढीवर रक्त, तोंडावर हसू, आणि नाकपुडीत पांढरं काहीतरी. तो दाताचा तुकडा. टोमॅटो सॉसमध्ये दात घालतात हे मी तरी ऐकलेलं नाही.

टाचण्यांबद्दल. त्या आपल्याकडे नोटिस बोर्डाला लावतात त्याच, चपट्या डोक्याच्या. पिशवी त्यानेच आणली, त्यानेच रिंगमध्ये ओतली आणि शेवटी तोच त्यांवर पडला. एक गोष्ट मान्य करतो: दिसतं तितकं खोल काही जात नाही. टाचणीची लांबीच जेमतेम सेंटीमीटरभर, आणि वजन शेकडो टाचण्यांत वाटलं जातं. काही आडव्या पडतात, काही अंगात शिरतात. पण वर सांगितलेलं तंत्र इथं उलटतं. मार वाटायला तळवे आपटावेत तर तळव्यांत टाचण्या. हात वर धरावेत तर सगळा मार पाठीवर. आणि त्या पाठीत असताना लढत संपत नाही; माणूस कूस बदलतो तेव्हा टोचलेल्या आणखी आत जातात. रबराच्या असत्या तर नंतर एकेक उपटायला माणूस बसवावा लागला नसता.

रक्ताबद्दल तुम्ही अर्धवट बरोबर आहात, पण चुकीच्या बाजूने. या धंद्यात लबाडी होते. कपाळावर, केसांच्या रेषेजवळ, टेपमध्ये गुंडाळलेल्या ब्लेडच्या टोकाने पैलवान स्वतःच ओरखडा काढतो आणि घामात मिसळून रक्त दुप्पट दिसतं. लबाडी ती एवढीच. रक्त त्याचंच असतं.

काटेरी तारांचंही तसंच. काही ठिकाणी टोकं छाटून तार बोथट करतात, हे खरं. २० ऑगस्ट १९९५ला जपानात कावासाकी स्टेडियममध्ये फोली एका दिवसात तीन लढती लढला. अंतिम लढत टेरी फंकबरोबर, दोरांच्या जागी काटेरी तार, खाली स्फोटकं लावलेल्या फळ्या. सगळ्यात मोठा म्हणून जाहिरात केलेला स्फोट ऐनवेळी फुसका निघाला, लोक हिरमुसले. तुमचं 'हा हा हा' तिथं शोभलं असतं. फळीच्या स्फोटाने मात्र फोलीचा हात चांगलाच भाजला. तारेचं दुखणं असं की ती टोचते कमी आणि अडकते जास्त. अडकल्यावर अंग हिसडलं की चामडं फाटतं, म्हणून स्थिर राहायचं आणि कुणीतरी सोडवायची वाट बघायची. लढत चालू असताना स्थिर कोण राहणार?

आता कान. याचा तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेखच नाही. लेखात दोन परिच्छेद त्यावर होते, तुम्ही तिथवर पोचलात की नाही शंका आहे. मार्च १९९४, म्युनिक, समोर पुन्हा व्हेडर. फोलीचा एक डाव होता: दोरांतून डोकं बाहेर काढायचं आणि वरचा आणि मधला दोर एकमेकांत पिळून मान अडकल्यासारखं दाखवायचं. अडकलेली मान हातांनी दोर फाकवून सोडवता येते, मात्र दोर थोडे सैल हवेत. डब्ल्यूसीडब्ल्यू या अमेरिकन कुस्ती कंपनीच्या रिंगचे दोर म्हणजे रबरी नळीत घातलेली पोलादी केबल. डब्ल्यूडब्ल्यूएफ या दुसऱ्या कंपनीकडे खराखुरा दोर असायचा, टेप गुंडाळलेला. त्या संध्याकाळी आधीच्या एका पैलवानाने दोर सैल आहेत अशी तक्रार केली होती, म्हणून ते आवळले गेले. फोलीला ते ठाऊक नव्हतं. मान खरोखर अडकली, ओढून सोडवताना कान फाटला, आणि मारामारी पुढे चालू राहिल्यावर उजव्या कानाचा दोन-तृतीयांश भाग गळून रिंगमध्ये पडला. पंचाने तो उचलून निवेदकाच्या हाती दिला. लढत थांबली नाही. कान परत बसला नाही.

सुजून गोळा झालेले पैलवानांचे कान तुम्ही अभिमानाने मिरवता, आणि मिरवावेतच. ते कान मातीचे आणि हा कान नाटकाचा, असा भेद कुठल्या निकषावर करायचा?

'पैलवान' शब्दावरून तुम्ही चार ओळी लिहिल्या आहेत. त्यावर मला भांडायचं नाही. 'कसरतपटू' म्हणा, 'नट' म्हणा. त्याने फरशी मऊ होत नाही.

राहता राहिलं तुमचं शेवटचं वाक्य, बायकापोरांचं. २४ जानेवारी १९९९, अमेरिकेतलं ॲनाहाइम, रॉयल रम्बल नावाचा कुस्तीचा कार्यक्रम, समोर रॉक हा पैलवान. फोलीचे हात पाठीमागे बेड्यांत. खुर्चीचा मार घेताना एरवी हात वर करून तो हातांवर झेलतात. बेड्यांमुळे तेही गेलं. पाच फटके ठरले होते, अकरा बसले. बायको आणि दोन लहान मुलं पुढच्या रांगेत होती, मुलं रडत होती, आणि एका माहितीपटाच्या कॅमेऱ्याने ते टिपलं. शेवटी 'आय क्विट', म्हणजे 'मी हार मानतो', असा जो आवाज लाउडस्पीकरवर ऐकू आला तो फोलीने त्या क्षणी म्हटलेलाच नव्हता. जुन्या मुलाखतीतून उचलून वाजवला होता. झालं का समाधान? नाटक सापडलं तुम्हाला. अकरा फटके सोडून बाकी सगळं नाटक होतं. मुलांना तिथं का बसवलं, हा प्रश्न फोलीला विचारा. मी त्याच्या कारकिर्दीवर लिहिलंय, संगोपनावर नाही. १९९५मध्येच ईसीडब्ल्यू या आणखी एका कुस्ती कंपनीच्या प्रेक्षकांत कुणी त्याच्या तीन वर्षांच्या मुलाला छडीने मारा अशी पाटी घेऊन आलं होतं, तेव्हा हाच माणूस त्या रक्ताला चटावलेल्या गर्दीवर उलटला होता. नंतर कित्येक लढतींत तो मुद्दाम साधे पकडीचे डाव लावून लोकांना कंटाळा आणत राहिला. म्हणजे तुमच्या मनात आलेलं त्याच्या मनात आधीच येऊन गेलं होतं. त्यानंतर तो पुन्हा खुर्च्या खायला का गेला, हा वेगळा विषय आहे आणि आज मला त्यात शिरायचं नाही.

तारखेसोबत लेखात आणखी एक बदल केला आहे. मूळ मजकुरात 'छपरावरून दोनदा फेकलं' असं होतं, ते 'एकदा फेकलं, एकदा छपरातून पडला' असं केलंय. हे तुम्ही दाखवून दिलेलं नाही, मलाच दिसलं.

तुमची दुसरी प्रतिक्रिया, ज्यात मला अमेरिकेचा पगारी भाट म्हटलंय, ती उडवली आहे. पहिली आहे तशीच ठेवतो, 'हा हा हा'सकट.