एकतीस वर्षं, आणि दर जूनला नवा अर्ज

शनिवारी आमच्या मॅडमचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. ठाण्यातल्या ज्या कॉलेजात १९९४ पासून त्यांनी मुलींना सॉफ्टबॉल शिकवला, तिथं त्या एकही दिवस कायम नव्हत्या. जूनला अर्ज करायचा, मानधनाचं पत्र घ्यायचं, एप्रिलला ते संपायचं. असं एकतीस वेळा. भाषणांत 'निःस्वार्थ सेवा' सारखं ऐकू येत होतं आणि माझा जीव तुटत होता. मॅडमनाही घरभाडं होतं, दोन मुलांच्या फिया होत्या. सकाळी मैदान, दुपारी शाळेतली नोकरी, संध्याकाळी पुन्हा मैदान, असं करून त्यांनी हे निभावलं.

मी २००३ ते २००६ त्यांची कॅचर होते, म्हणजे बॅटरच्या मागे बसून चेंडू पकडणारी. ठाणे-वाशी लोकल सुरू झाली २००४ च्या अखेरीस. त्याआधी मॅडम नेरुळहून बस बदलत यायच्या आणि साडेसहाला मैदानावर हजर. पिशवीत फक्की आणि सुतळीचं रीळ. सुतळीला दोन गाठी होत्या. एक साठ फुटांवर, मैदानाच्या चौकोनाच्या कोपऱ्यांवर असलेल्या बेसमधल्या अंतरासाठी. दुसरी जवळजवळ पंच्याऐंशी फुटांवर, होमपासून, म्हणजे बॅटरच्या कोपऱ्यापासून, समोरच्या सेकंड बेसपर्यंत. हा कर्ण जुळला तरच चौकोन काटकोनात आला, नाहीतर फक्की पुसून पुन्हा आखायची. मला म्हणायच्या, "ही दुसरी गाठ तुझी. बसल्या जागेवरून उठून एवढं लांब फेकायचंय तुला."

एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात सातव्या इनिंगला तिसरा स्ट्राइक, म्हणजे बॅटरला बाद करणारा चेंडू, माझ्या ग्लोव्हमधून निसटला. पहिला बेस रिकामा होता, अशा वेळी चेंडू निसटला तर बॅटर बाद न होता पहिल्या बेसकडे पळू शकते. ती पळाली, मी नुसती बघत राहिले. तिथून सामना गेला. परतीच्या लोकलमध्ये मॅडमनी स्कोअरबुक माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "जे झालं ते तूच लिही." लिहिताना हात थरथरत होता. पण तो नियम मी जन्मात विसरणार नाही.

अंडरआर्म टाकल्यानं खांदा दुखत नाही, असं तेव्हा सर्रास बोललं जायचं. मॅडमचा त्यावर विश्वास नव्हता. प्रत्येक पिचला, म्हणजे पिचरनं टाकलेल्या प्रत्येक चेंडूला, वहीत एक रेघ, पाचवी आडवी. ठरलेला आकडा आला की पिचर बदलायची, मग सामना हातचा जाईना का. २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जपानच्या युकिको उएनोनं दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ पिच टाकले आणि अंतिम सामन्यात जपाननं अमेरिकेला ३-१ नं हरवलं. मी भारावून मॅडमना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, "तिच्या खांद्याचं काय गं?" पुढे २०२१ मध्ये टोकियोत उएनो वयाच्या ३९ व्या वर्षी पुन्हा सुवर्ण जिंकली, तेव्हा मॅडमचा एका शब्दाचा मेसेज आला: "टिकली!"

अमेरिकेत कॅरल हचिन्स नावाच्या सॉफ्टबॉल प्रशिक्षक होत्या. मिशिगन विद्यापीठाचा संघ त्यांच्याकडे १९८५ ला आला आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं २००५ ला. मधली वीस वर्षं विद्यापीठानं त्यांना त्या जागेवर राहू दिलं. २०२२ ला त्या निवृत्त झाल्या तेव्हा खात्यात १,७०७ विजय होते. आपल्याकडे पैसा तेवढा नाही, मान्य. पण प्रशिक्षक तयार व्हायला वर्षं लागतात, हे कळायला पैसा लागत नाही. कोणत्या मुलीचा गुडघा कधी दुखतो, कुणाला सातच्या आत घरी पोचावं लागतं, कुणाचा बाप तयार नाही पण आजी तयार आहे, हे सगळं मॅडमच्या वह्यांमध्ये आहे. माझ्या पानावर लिहिलंय: "डावा गुडघा. ६.१० ची गाडी. रागावलं की आणखी चुकते, रागवू नये."

आता मॅडमच्या जागी आमच्याच एका जुन्या पिचरला घेतलंय. तिलाही दहा महिन्यांचंच पत्र. ही जागा कायम करा आणि मॅडमना गेल्या वर्षीचं थकलेलं मानधन द्या, असं निवेदन आम्ही माजी खेळाडू देतोय. ६१ सह्या झाल्यात. १९९४ ते २००० मधल्या मुली सापडत नाहीयेत, लग्नानंतर आडनावं बदलली. वहीत सगळ्यांची माहेरची नावं आहेत. ती वही घेऊनच बसलेय. तुमची आई, मावशी, वहिनी तेव्हा ठाण्यात सॉफ्टबॉल खेळली असेल, तर मला मेसेज करा, मी नाव शोधते.