ताई, चार इनपुटचा रेकॉर्डर घेतला असता तरी येऊरची खरखर तशीच राहिली असती

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं, की तुम्ही चार इनपुटचा, म्हणजे चार आवाज वेगवेगळे घेणारा मोठा रेकॉर्डर मागत होतात आणि आम्ही तुमचं न ऐकता तळहातात मावणारा स्टिरिओ रेकॉर्डर गळ्यात मारला. ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलात पक्ष्यांपेक्षा खरखरच जास्त आली, तुमच्या गुरुजींच्या गाण्याच्या बैठकीत तबल्याचा आवाज फाटला, आणि मशीन परत घ्यायला दुकानाने नकार दिला. नेमका हाच प्रश्न घेऊन नौपाड्यात आमच्याकडे बरेच जण येतात, म्हणून सगळ्यांनाच वाचता येईल असं सविस्तर उत्तर लिहितो.

तुम्ही दोन्ही फाइल्स व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यात हे फार बरं केलंत. नुसता ऑडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि मग दोष कुठला ते कळत नाही. हेडफोन लावून दोन्ही शेवटपर्यंत ऐकल्या. येऊरच्या फाइलमध्ये पावशा ओरडायला लागला की मागची खरखर खाली बसते, आणि तो थांबला की सेकंदा-दोन सेकंदांत पुन्हा फुगून वर येते. हे ऑटो लेव्हलचं काम आहे. शांतता झाली की मशीनला वाटतं आवाज कमी पडतोय, मग ते स्वतःच गेन (माईकचा आवाज किती उचलायचा ते) वाढवत नेतं, आणि वाढवण्यासारखं तिथे खरखरीशिवाय काही नसतं. मीटिंग किंवा भाषण रेकॉर्ड करायला ही सोय ठीक, जंगलात आणि गाण्यात ती बंदच हवी.

पण ऑटो लेव्हल बंद करूनही थोडी खरखर राहील, हेही सांगतो. प्रत्येक माईकचा स्वतःचा एक बारीक 'स्स्स' असतो. तंबोरा-तबल्याच्या खोलीत तो ऐकूच येत नाही, कारण गाणं त्याच्या कितीतरी वर असतं. पहाटेच्या जंगलात मात्र पक्षी लांब, आवाज नाजूक, गेन चढवलेला, म्हणून तो उघडा पडतो. आता मुद्द्याचं. तुम्ही मागत होतात त्या मोठ्या मशीनच्या डोक्यावरही तशाच छोट्या कॅप्सूलची, म्हणजे माईकच्या आवाज पकडणाऱ्या भागाची जोडी असते. ज्यादा पैसे जातात ते बाहेरचे माईक लावायच्या खालच्या तीन पिनांच्या एक्सएलआर सॉकेटसाठी, आणि त्यात चांगला माईक लावला नाही तर ती सॉकेट नुसतीच मोकळी राहतात. तुमच्याकडे बाहेरचा माईक एकही नव्हता आणि लगेच घ्यायचाही नव्हता. ते मशीन विकलं असतं तर दुकानाला फायदाच जास्त होता. तुम्हाला मात्र हीच खरखर मोठ्या बिलासकट मिळाली असती.

पक्ष्यांसाठी पुढची पायरी घ्यायचीच असेल तर ती माईकची घ्या. प्रिमो कंपनीच्या ईएम२७२ कॅप्सूलचे छोटे माईक मिळतात. त्यांचा स्वतःचा आवाज सुमारे 14 डेसिबल (हा आकडा कमी तितकं चांगलं) आणि संवेदनशीलता भरपूर, त्यामुळे रेकॉर्डरच्या प्रीअँपवर, म्हणजे माईकचा आवाज वाढवणाऱ्या भागावर फार ताण येत नाही. तुमच्या मशीनच्या 3.5 मिमीच्या सॉकेटला प्लग-इन पॉवर, म्हणजे माईकला लागणारी थोडी वीज आहे, तेवढ्यावर ते चालतात. त्याहून पुढे जायचं तर रोडचा एनटी१ आहे, साधारण साडेचार डेसिबलचा. त्याला केबलमधून मिळणारी 48 व्होल्टची वीज (फँटम पॉवर) लागते, तो जड आहे आणि दवात-पावसात फार जपावा लागतो. त्याच्या जोडीला झूम एफ३सारखा रेकॉर्डर शोभतो. दोनच एक्सएलआर इनपुट, प्रीअँप अतिशय स्वच्छ, आणि स्वतःचा माईक एकही नाही. चांगल्या फील्ड रेकॉर्डिंगसाठी बनवलेल्या या यंत्राला दोनच इनपुट आहेत, हे इनपुट मोजून खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून दाखवतो.

आणि फुकटातला उपाय म्हणजे जवळ जाणं. मोकळ्या जागी अंतर निम्मं केलं की आवाज 6 डेसिबलने वाढतो. पक्षी 40 मीटरवर आहे आणि तुम्ही 10 मीटरवर पोचलात, तर 12 डेसिबल मिळाले. इतका फरक मशीन बदलूनही सहसा पडत नाही. स्वतः जवळ जाता येत नसेल तर रेकॉर्डर ट्रायपॉडवर लावून झाडाखाली ठेवा आणि तुम्ही लांब जाऊन बसा. खालच्या बाजूला ट्रायपॉडचा आटा त्यासाठीच दिलेला असतो. तुमच्या फाइलमध्ये मधूनमधून जी कुरकुर आहे ती हातात धरल्याची आहे, आणि जी 'भद भद' आहे ती वाऱ्याची. बॉक्समधलं स्पंज मोकळ्यावरच्या वाऱ्याला पुरत नाही, केसाळ विंडशील्डच लागतं. खोल घरघर कापणारं लो-कटचं सेटिंगही चालू ठेवा. घोडबंदर रोडच्या गाड्यांची घरघर येऊरपर्यंत येते, ती बरीच कमी होईल.

आता गुरुजींची बैठक. फोटोत रेकॉर्डर सतरंजीवर, तबल्याच्या अगदी पुढ्यात पडलेला दिसतो. फाइल कॉम्प्युटरवर उघडून मोठी करून पाहिली. गाण्याच्या लाटा गोल, नीट आहेत, पण डग्ग्यावर जोरात थाप पडते तिथे लाटेचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट आहे. म्हणजे लेव्हल ठरवली गेली ती गुरुजींच्या सुरुवातीच्या आलापावर, आणि मध्यलयीत तबलजी खुलले तेव्हा वर जागाच उरली नव्हती. मीटरवर 0 ही वरची हद्द असते, सगळ्यात जोरकस थाप -12 डेसिबलच्या आसपास लागेल अशी लेव्हल ठेवा. 24 बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, आवाज नंतर वाढवता येतो. सपाट झालेला माथा पुन्हा गोल होत नाही.

जागासुद्धा बदला. रेकॉर्डर स्टँडवर, बसलेल्या गायकाच्या तोंडापेक्षा थोडा वर, दीडेक मीटरवर, तोंड गुरुजींकडे आणि तबला-पेटी दोन बाजूंना. बैठकीआधी एक तुकडा रेकॉर्ड करून ऐका. तबला भारी वाटला तर स्टँड वीतभर सरकवा आणि पुन्हा ऐका. एका जोडीच्या रेकॉर्डिंगमध्ये समतोल इथेच साधावा लागतो, नंतर साधता येत नाही. पंखा बंद करायला सांगा, गुरुजी ऐकतील.

वेगवेगळे ट्रॅक मिळाले असते तर तबला नंतर कमी करता आला असता, असं तुम्ही लिहिलंय. मोठ्या स्टेजवर ते खरं आहे. दहा बाय बाराच्या खोलीत गायकाच्या माईकमध्ये तबला येतोच येतो, आणि त्याचा ट्रॅक खाली आणला की तो दुसरीकडून पोकळ ऐकू यायला लागतो. चार इनपुट मी कोणाला सुचवतो? गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहात कार्यक्रम करणाऱ्याला. त्याला साउंडवाल्याच्या मिक्सरवरून लाइन घ्यायची असते आणि शेजारी सभागृहाचा आवाजही हवा असतो. (तिथेही मिक्सरची लाइन माईक इनपुटला जोडली की आवाज सहसा फाटतो. लाइनचा इनपुट किंवा सेटिंग वेगळं असतं, ते बघून घ्यावं.) तुम्ही अशा कार्यक्रमापर्यंत पोचलात की ते मशीन मी स्वतः तुमच्या हातात देईन.

32 बिट फ्लोटबद्दलही, म्हणजे अगदी हळू ते अगदी जोराचा आवाज एकाच वेळी नोंदवणाऱ्या पद्धतीबद्दलही विचारलंय. झूमच्या एच१ इसेन्शियलसारख्या छोट्या मशीनमध्येही ते आता आहे, आणि लेव्हल ठरवण्याची काळजी त्याने खरंच जाते. पण जवळच्या थापेने माईकच्या कॅप्सूलमध्येच आवाज फाटला तर 32 बिट काही करू शकत नाही, आणि माईकची खरखरही त्याने कमी होत नाही.

तुमचं कार्ड लवकर भरतं, कारण आवाज सेकंदाला किती वेळा नोंदवायचा ते सेटिंग 96 किलोहर्ट्‌झवर आहे. 24 बिट स्टिरिओला त्यात तासाला 2 जीबीच्या वर लागतात. 48 वर ठेवा, निम्म्यावर येईल. बॅटरीला चांगले रिचार्जेबल सेल वापरा. पावसाळ्यात येऊरहून आल्यावर रेकॉर्डर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवत जा, कारण ओलाव्याने माईक तडतडायला लागतात.

परत घेण्याबद्दल. सील उघडलेलं मशीन आम्ही परत घेत नाही, हे बिलावर छापलेलं आहे आणि ते तसंच राहील. ते नवं म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाला विकणं बरोबर नाही, आणि तुम्हालाही तसं कोणी विकलेलं चाललं नसतं. मशीनमध्ये बिघाड असता तर कंपनीच्या वॉरंटीत मी स्वतः पाठवलं असतं. तुमच्या फाइलमध्ये डावी-उजवी बाजू सारखी आहे, खंड नाही, तडतड नाही. यंत्र ठणठणीत आहे.

पण गुरुजींचं वय तुम्ही सांगितलंत, आणि ही तालीम पुन्हा मिळणारी नाही हे मला कळतं. ती फाटक्या आवाजात राहावी असं मला अजिबात वाटत नाही. रेकॉर्डर आणि त्याचं कार्ड घेऊन या. ऑटो लेव्हल, लो-कट, लेव्हल तुमच्यासमोर लावून देतो. केसाळ विंडशील्ड आणि ईएम२७२ची दुकानातली जोडी येऊरसाठी घेऊन जा, पैसे नकोत, वापरून परत आणून द्या. एक बैठक आणि एक पहाट असं रेकॉर्ड केल्यावरही चार इनपुटचंच मशीन हवं वाटलं, तर तुमचा रेकॉर्डर विकण्यासाठी दुकानात ठेवू आणि येईल ती रक्कम पूर्ण तुमची.

दुपारी 1 ते 4 दुकान बंद असतं. संध्याकाळी आलात तर निवांत बसता येईल. येताना तुमचे नेहमीचे हेडफोन आणा.

दुकानमालक, नौपाडा, ठाणे