लॉबी हवी, पण कुणाच्या दारात?

साताऱ्याला फोन लावला की हल्ली हवापाण्याच्या आधी इस्रायल येतो. माझा धाकटा मामेभाऊ हायस्कुलात शिकवतो. राजवाड्यापाशी त्यांचा संध्याकाळचा अड्डा असतो आणि तिथं एक ठराव कायमचा मंजूर आहे : "ताई, ज्यूंची बघ अमेरिकेत कशी लॉबी आहे. तशी आपली पायजे." त्याला जोडून लगेच दुसरा : "तुमच्याकडं बरंय, विद्यापीठात कोण काय वाट्टेल ते बोलतंय, कुणी अडवत न्हाई."

मी शिकागोजवळच्या एका विद्यापीठाच्या कार्यालयात नोकरी करते. ही दोन वाक्यं तो एका दमात कशी म्हणतो याचं मला नवल वाटतं, कारण लॉबीने, म्हणजे सरकारवर वजन टाकणाऱ्या संघटित गटांनी, या बोलण्याच्या मोकळीकीला नख लावल्याची उदाहरणं इथे हवी तेवढी आहेत.

शिकागो विद्यापीठाचे जॉन मिअरशायमर आणि हार्वर्डचे स्टीफन वॉल्ट यांचा एक लेख २००६ च्या मार्चमध्ये आला. इस्रायलच्या बाजूने काम करणाऱ्या गटांचं अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर किती वजन आहे, हा विषय. मुळात तो 'अटलांटिक' या अमेरिकी मासिकाने मागवला होता. त्यांनी तो छापायचं नाकारलं, मग समुद्रापलीकडे 'लंडन रिव्ह्यू ऑफ बुक्स'ने छापला. हार्वर्डच्या केनेडी स्कूलच्या संकेतस्थळावर त्याची सविस्तर प्रत होती. लेखक ज्यूद्वेष्टे आहेत असा गदारोळ होताच तिच्यावरचं संस्थेचं बोधचिन्ह गायब झालं. लेख निर्दोष होता असं नाही. इराक युद्धाचं खापर त्यांनी लॉबीवर जरा जास्तच फोडलं, असं मला वाटतं. इस्रायलचे कडक टीकाकार नोम चॉम्स्की यांनाही त्यांची मांडणी पटली नव्हती. पण अशा आक्षेपांवर वाद घालता येतो. माणसाला ज्यूद्वेष्टा ठरवून टाकलं की वाद घालायला काही उरतच नाही. दोघांच्या नोकऱ्या टिकल्या, कारण त्या कायम होत्या. ज्याची अजून कायम व्हायचीय त्या तरुण प्राध्यापकाने यातून काय धडा घेतला असेल, ते आपल्याकडे तासिका तत्त्वावर राबणाऱ्या कुणालाही विचारा.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इतिहासकार टोनी जट, जे स्वतः ज्यू होते, न्यूयॉर्कमधल्या पोलंडच्या वकिलातीत याच विषयावर बोलणार होते. दोन ज्यू संघटनांचे फोन गेले आणि भाषण ऐनवेळी रद्द झालं. संघटनांचं म्हणणं : आम्ही रद्द करा म्हणालो नाही, नुसती चौकशी केली. ही 'नुसती चौकशी' काय चीज असते, हे सातारकरांना समजावायला नको. साखर कारखान्यापासून शाळेच्या संचालक मंडळापर्यंत ती होतच असते.

लॉबी करण्यात पाप नाही. परमुलखात तळ ठोकून आपल्या राज्यासाठी झगडणारा एक मोठा माणूस साताऱ्यानेच दिला. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले, ते सुमारे चौदा वर्षं तिथेच राहिले. जोसेफ ह्यूमसारखे पार्लमेंटचे सभासद त्यांनी गाठले, कंपनीच्या भागधारकांच्या सभेत प्रश्न लावून धरला, पत्रकं छापली. महाराज १८४७ मध्ये गेले, १८४८ मध्ये राज्यच खालसा झालं, तरी गडी हटला नाही. अखेर हरले. पण त्या सभांमधल्या चर्चा छापलेल्या आहेत. बाजूने कोण बोललं, विरुद्ध कोण, हे आजही वाचता येतं. आणि त्यांचं मागणं तरी काय होतं? महाराजांवर आरोप ठेवलेत ना, मग उघड सुनावणी करा, त्यांचं ऐकून घ्या. लंडनला जाऊन त्यांनी कुणाचं तोंड बंद करायला सांगितलं नव्हतं.

अड्ड्यावरच्या मंडळींना माहीत नसेल, पण आपली लॉबी केव्हाच झाली. २००२ मध्ये भारतीय अमेरिकनांची एक राजकीय समिती ज्यू संघटनांचा कित्ता समोर ठेवून निघाली. भारत-अमेरिका अणुकराराच्या वेळी इथल्या भारतीयांनी आपापल्या सिनेटरांना फोन करून हैराण केलं, आणि १ ऑक्टोबर २००८ रोजी सिनेटने तो ८६ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला. भारतीय दूतावास पैसे मोजून लॉबी कंपन्याही नेमतो. १९३८ च्या कायद्याप्रमाणे त्यांची नोंद इथल्या न्याय खात्याकडे होते, आणि ती कुणालाही पाहता येते. इथवर माझी काही तक्रार नाही. मतदाराने प्रतिनिधीला फोन करायचा नाही तर कुणाला?

पण मध्यंतरी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक तयार मसुदा फिरला. दक्षिण आशियाचं राजकारण शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाविरुद्ध डीनला ईमेल. खाली नाव घाला आणि पाठवा. त्यांच्या वर्गात काय शिकवतात, हे गटावर एकानेही वाचलेलं नव्हतं. सप्टेंबर २०२१ मधल्या 'डिसमँटलिंग ग्लोबल हिंदुत्व' (म्हणजे जागतिक हिंदुत्व मोडून काढणं) या ऑनलाइन परिषदेच्या वेळी हेच मोठ्या प्रमाणावर झालं : विद्यापीठांवर ईमेलांचा मारा, वक्त्यांना धमक्या. त्या परिषदेचं नाव मलाही भडक वाटलं होतं. मग त्याला उत्तर देणारी दुसरी परिषद भरवायची! सभागृहं इथे भाड्याने मिळतात.

मायदेशी हे काम सरकार स्वतःच करतं, मध्यस्थ लागत नाही. जानेवारी २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने हुकूम काढला की सीमाप्रश्न, ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर अशा विषयांवर ऑनलाइन आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायची तर सरकारी विद्यापीठांनी आधी परवानगी घ्यावी. शास्त्रज्ञांच्या अकादमींनी विरोध केल्यावर तो फेब्रुवारीत मागे घेतला गेला. पुढच्याच वर्षी केरळच्या मच्छीमार समाजावरच्या परिषदेसाठी आलेले मानववंशशास्त्रज्ञ फिलिपो ओसेला यांना तिरुवनंतपुरमच्या विमानतळावरूनच परत पाठवलं. मच्छीमारांवर बोलणार होते हो!

अमेरिकेची मिजासही आता उतरली आहे. मार्च २०२५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या एका तुर्की विद्यार्थिनीला मुखवटे घातलेल्या अधिकाऱ्यांनी भर रस्त्यात धरलं; तिने इतरांबरोबर विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रात गाझाबद्दल लेख लिहिला होता. पुढच्या महिन्यात सरकारने हार्वर्डचे २ अब्ज डॉलरहून अधिक अनुदान गोठवलं. आमच्या कार्यालयात येणारी भारतीय पोरं आता विचारतात, जुन्या पोस्ट पुसून टाकू का? घरून त्यांना एकच सांगणं असतं : कशात पडू नकोस. व्हिसावर असलेल्या पोराला मी तरी वेगळं काय सांगणार?

माझ्याकडे मात्र नागरिकत्व आहे, म्हणून गटावर लिहिलं : मी सही करणार नाही, त्या प्राध्यापकांना मंडळात बोलवा आणि समोर बसवून झोडपा. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग एका काकांनी लिहिलं, "बोलवा, पण प्रश्न आधी लिहून घ्या." दुसऱ्यांना गणपतीच्या कार्यक्रमात राजकारण नको आहे. सध्या चर्चा हॉलचं भाडं कुणी भरायचं इथवर आली आहे. मामेभावाला हे सांगितलं तर म्हणाला, "त्यापेक्षा ईमेल फुकट जातो की."