सही दोघांची, ओटीपी एकाचा

"आपल्या कंपनीचा सीईओ गेला," बाळूने कट्ट्यावर टेकता टेकता बातमी दिली.

सरांचा कप ओठापाशीच थांबला. "अरे रे! परवा तर भेटला होता."

"तसा नाही हो सर. बँकेत लागला, लातूरला."

कंपनी म्हणजे आमची शेतकरी उत्पादक कंपनी, शेतकऱ्यांनीच पैसे घालून एकत्र खरेदी-विक्रीसाठी काढलेली. सोयाबीन-तुरीवाले साडेतीनशे सभासद, प्रत्येकाचे दोन हजार. माझेही. अण्णा अध्यक्ष. संतोषचं स्वतःचं खताचं दुकान आहे, म्हणजे कंपनी चालली तर याचंच गिऱ्हाईक तुटणार. तरी तोही सभासद. वर्षाला एकदा हिशेब मागतो तो एवढाच.

"जाणारच की," संतोष म्हणाला. "अशा कंपन्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेत पगाराला मदत तीनच वर्षं. सीईओला महिना 25 हजारांपर्यंत, हिशेबनिसाला 10 हजारांपर्यंत. मुदत संपली, पोरगं गेलं."

सर गणिताचे. त्यांना आकडा दिसला की राहवत नाही. "35 हजार गुणिले 36. म्हणजे 12 लाख 60 हजार. आणि एका कंपनीला चालवायच्या खर्चाची एकूण मदत 18 लाखांपर्यंत. सरकारला माणसाची किंमत कळत होती की रे! फक्त तीन वर्षांत कंपनी त्याला स्वतः पोसेल असं धरलं. आंब्याचं कलमसुद्धा एवढ्यात पैसे देत नाही."

"पगारी माणसानं काही होत नसतंय," अण्णा आता सरसावले. "नेता लागतो. नाशिककडं मोहाडीला बघा. विलास शिंदे आहेत म्हणून 'सह्याद्री' ही शेतकरी कंपनी आहे."

"अण्णा, त्यांचं द्राक्ष पेटीत बसून युरोपला जातं. आपलं सोयाबीन पोत्यात, तेही बारदाना मिळाला तर," संतोष म्हणाला.

यावर सगळेच हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. 2024 चा हंगाम कोण विसरेल? सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये, पण ओलावा 12 टक्क्यांच्या आत पाहिजे. पावसात भिजलेला माल तेवढा कुठं सुकतोय? नोव्हेंबरात मर्यादा 15 टक्क्यांवर नेली, तोवर नड असलेल्यांनी आडतीवर मिळेल त्या दराने देऊन टाकलं होतं.

"नेत्याचंच म्हणता तर नगर जिल्ह्यातल्या लोणीचं घ्या," सर म्हणाले. "साखर कारखाना उभा करायला विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, शेअर गोळा केले. पण अध्यक्षाच्या खुर्चीत कुणाला बसवलं? धनंजयराव गाडगीळांना. अर्थशास्त्राचा माणूस. आपल्याला जे येत नाही ते ज्याला येतं त्याला शेजारी नाही, वर बसवलं."

अण्णांनी तंबाखू मळायला घेतली. हे त्यांचं उत्तर नसतं, वेळ काढणं असतं.

"अण्णांनी प्रशिक्षण घेतलंय की," बाळूला आता चेव आला. "मागे बॅनर होता, 'अन्नसुरक्षेसाठी नेतृत्व विकास'. दोन दिवस. जेवण चांगलं होतं म्हणत होते."

"अन्नसुरक्षा म्हणजे रेशनचे माणशी पाच किलो," संतोष म्हणाला. "त्यात आपला काय संबंध?"

इथे मला बोलावं लागलं. देशाला डाळ कमी पडते म्हणून म्यानमार, मोझांबिकहून तूर येते. आपण तूर पिकवणारे, आणि ती चाळून, प्रतवारी करून विकायचं मशीन आपल्याच गोदामात ताडपत्रीखाली. चालवायला शिकला होता एकटा सीईओ. आता तो कर्जाच्या फायली चाळतोय.

"दुसऱ्या कुणाला का नाही शिकवलं?" सरांनी विचारलं.

कुणीच बोललं नाही. मग बाळूने ते काढलं, जे सगळ्यांना माहीत होतं. खरेदी केंद्र चालू असताना अण्णा तिरुपतीला गेले होते. हमालांची मजुरी द्यायची, ट्रकचं भाडं द्यायचं. चेकवर सह्या दोघांच्या चालतात, पण ऑनलाइनला ओटीपी अण्णांच्या मोबाइलवर. मोबाइल देवळाबाहेर जमा. अण्णा रांगेत, हमाल सावलीत, ट्रक उन्हात. दुसऱ्या दिवशी हमाल दुसऱ्या केंद्रावर गेले.

"देवाच्या दारात मोबाइल नेऊ देत नाहीत, त्याला मी काय करू?" अण्णा चिडले.

"नंबर बदला ना," मी म्हणालो. "आपल्या बचत गटाच्या वहिनी संचालक आहेत. गटाचा हिशेब दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचून दाखवतात. खात्याला त्यांचाही नंबर जोडा. आणि त्या मशीनवर दोन पोरं बसवा. त्यांच्यातला एखादा उद्या बँकेत गेला तरी दुसरा राहील."

"वहिनींना जमेल?"

"अण्णा," संतोष म्हणाला, "माझ्या दुकानाची उधारी त्यांनी तारखेसकट तोंडपाठ म्हणून दाखवलीय. मलाच वही उघडावी लागली."

अण्णांनी तंबाखू दाढेखाली सरकवली. "बघू. आमसभेत ठेवू विषय."

"मागची आमसभा घरोघरी फिरवलेल्या सह्यांवर झाली," सर शांतपणे म्हणाले. "माझ्याकडेही आला होता कागद. मी केली सही."

चहावाल्याने हिशेब सांगितला. पैसे अण्णांनीच दिले, फोनवरून, आणि पिन टाकताना फोन छातीशी धरून आमच्याकडे पाठ केली.