नाव पटावर चढलं, पुढे काय?

बेळगावात भाषेचा विषय निघाला की बोलणं पाट्यांवर जातं, परिपत्रकांवर जातं, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनावर जातं, सुप्रीम कोर्टात २००४ पासून चाललेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्यावर जातं. हे सगळं जिव्हाळ्याचंच आहे, मी त्यातच लहानाची मोठी झाले. पण वर्गात बसलेलं, शिकवलेलं न कळणारं पोर या बोलण्यात कुठंच येत नाही. आज त्याच्याबद्दल लिहिते आहे. लांबलंय, पण वेळ काढून वाचा.

उद्यमबाग, मच्छे, अनगोळ या बाजूला फौंड्रीत उत्तर प्रदेश-बिहारकडची माणसं कामाला आहेत. पूर्वी एकटे यायचे, आता बायकापोरं घेऊन येतात. अथणी-रायबागकडे ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर पोरं येतात. त्यातली बीडकडची पोरं घरी मराठी बोलतात आणि जवळची शाळा असते कन्नड. शहरात फौंड्रीवाल्यांच्या घरी भोजपुरी आणि कोपऱ्यावर सरकारी मराठी शाळा. नाव घालायला अडचण येत नाही. शिक्षण हक्क कायद्यामुळं शाळेला नाही म्हणता येत नाही, आणि पट टिकवायला मुलं हवीच असतात. अडचण नाव घातल्यानंतर सुरू होते.

निवृत्त होईपर्यंत मी सरकारी मराठी शाळेत शिकवलं. तिसरीत असाच एक मुलगा होता, वडील फौंड्रीत. फळ्यावर ५२ वजा २७ मांडलं की सगळ्यांच्या आधी त्याचं उत्तर तयार, तेही बरोबर. तेच गणित पुस्तकातून यायचं तेव्हा, म्हणजे रमाकडे ५२ पेरू होते, काही वाटले, २७ उरले, तर किती वाटले, असं वाचलं की तो वहीत दोन्ही आकडे एकाखाली एक लिहायचा, क्षणभर थांबायचा आणि बेरीज करून मोकळा व्हायचा. मी शेजारी बसून मोडक्यातोडक्या हिंदीत तोच प्रश्न विचारला. पंचवीस, म्हणाला. लगेच. वर त्यानंच मला विचारलं, पेरू म्हणजे अमरूद ना? वजाबाकी त्याला पक्की येत होती, प्रश्नच त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. आणि प्रगतिपत्रकावर ‘गणितात कच्चा’ असा शेरा होता.

हाच मुलगा मधल्या सुट्टीत मैदानावर ‘आउट हाय गा, आउट!’ म्हणून अस्सल बेळगावी मराठीत भांडायचा. ते ऐकून स्टाफरूममधले म्हणायचे, येतंय की त्याला मराठी, आळशी आहे नुसता. बहुतेक शाळांत इथंच घोळ होतो. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हा फरक मांडलाय. खेळण्या-बोलण्यापुरती नवी भाषा मुलाला साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकातली, परीक्षेतली भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षं लागतात. त्यांचं दुसरं म्हणणं माझ्या मते याहून महत्त्वाचं आहे. मुलाची घरची भाषा जितकी पक्की, तितकी दुसरी भाषा चांगली बसते. म्हणजे ‘घरी हिंदीत बोलू नका, मराठीत बोला’ असं आपण ज्या आईला सांगतो, तिच्या मुलाचं आपण नुकसान करतो.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत चिनी बोलणाऱ्या मुलांना इंग्रजी येत नसताना नुसतं वर्गात बसवून ठेवलं होतं. १९७४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की सगळ्यांना एकच पुस्तक आणि एकच शिक्षक दिला म्हणून समान वागणूक होत नाही. त्याच कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये मतदान घेऊन दोन भाषांतलं शिक्षण जवळजवळ बंद केलं आणि २०१६ मध्ये पुन्हा मतदान घेऊनच ती बंदी उठवली. आपल्याकडे हे १९५६ पासून घटनेत आहे. कलम ३५० अ सांगतं, की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून राज्यानं पुरेशा सोयी करायच्या. हा हक्क आपण मराठी माणसं वर्षानुवर्षं मागत आलो आणि ते बरोबरच आहे, पण त्या कलमात फक्त मराठी असं लिहिलेलं नाही. कर्नाटकात आपण जसे थोडे, तसं ते भोजपुरी बोलणारं पोर आपल्या वर्गात एकटं. आपल्या शाळेत आपण त्याच्याशी कसं वागतो, यावर आपल्या मागणीचं वजन ठरतं असं मी मानते.

आता कन्नडबद्दल. आपल्या मुलांना कन्नड उत्तम यायला हवं, याबद्दल माझ्या मनात अजिबात शंका नाही. राज्याचा २०१५ चा कायदा सगळ्या शाळांत कन्नड शिकवायला सांगतो, ती पहिली किंवा दुसरी भाषा असलीच पाहिजे. पण शिकवतात कसं? येळ्ळूर, उचगावच्या मराठी घरातलं पोर, ज्याच्या कानावर गल्लीत कन्नड क्वचितच पडतं, त्याला ऐकू-बोलू न देता थेट मुळाक्षरं गिरवायला लावतात. दहावीपर्यंत ते पोर कन्नड वाचतं, निबंध पाठ करून लिहितं, आणि तहसीलदार कचेरीत गेलं की तोंड उघडत नाही.

यात खरी गरज असते दोन्ही भाषा येणाऱ्या शिक्षकाची. कन्नडमध्ये ए आणि ओ ऱ्हस्वही असतात, दीर्घही, आणि त्यांची अक्षरं वेगळी. मराठी लिहिताना हा फरक कधी करावाच लागत नाही, म्हणून आपली मुलं तिथं हमखास चुकतात. नुसतं कन्नड येणारा शिक्षक तिथं लाल रेघ मारतो. दोन्ही येणाऱ्याला चूक कुठून आली ते माहीत असतं, तो पाच मिनिटं थांबून दोन्ही उच्चार ऐकवतो. उलट बाजूनंही तेच. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी, त्यामुळं जत, अक्कलकोटच्या कन्नड शाळांतली मुलं मराठी शिकताना भिंत ती का आणि दगड तो का, यात अडकतात. त्यात हसण्यासारखं काही नाही. आणि एक मोठी सोय आहे, जिचा फायदा कुणी घेत नाही: दोन्ही भाषांत वाक्याची मांडणी जवळजवळ सारखी आहे, क्रियापद शेवटीच. मराठीच्या आधारानं कन्नड शिकवलं तर महिन्याभरात मूल छोटी छोटी वाक्यं बोलायला लागतं, हे मी माझ्या वर्गात पाहिलंय.

असे शिक्षक आणायचे कुठून, असं विचारतात. अहो, बेळगावइतके दोन-दोन, तीन-तीन भाषा येणारे शिक्षक दुसरीकडे कुठं मिळणार? आपल्याकडे एकाच आवारात मराठी आणि कन्नड शाळा आहेत, काही ठिकाणी उर्दूही. शिक्षक एकत्र चहा पितात, तेव्हा दोन्ही भाषा सरमिसळ चाललेल्या असतात. घंटा झाली की जो तो आपल्या वर्गात. आठवड्याचे दोन तास आपापसांत बदलून घ्यायला काय हरकत आहे? तिकडच्या बाईंनी इकडं येऊन कन्नडमधून खेळ घ्यावेत, गोष्ट सांगावी, इकडच्यांनी तिकडं मराठीतून. वही-पेन नको, नुसतं बोलणं. बाहेरून आलेल्या मुलांसाठी पहिले काही महिने रोज एक तास वेगळा ठेवावा. त्यात त्यांनी स्वतःच्या भाषेत बोललेलं चालावं, आणि गणिताचा प्रश्न आधी त्यांना कळेल असा सांगावा, मग मराठीत किंवा कन्नडमध्ये. उशिरा शाळेत आलेल्या मुलांना विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ मध्येच आहे, नव्यानं काही मागायचं नाही.

शिक्षक कमी आहेत, अतिथी शिक्षक उशिरा मिळतात, हे खरंच आहे. त्यासाठी भांडायलाच हवं. पण दोन भाषा एका वर्गात चालत नाहीत हे कारण मला कुणी सांगू नये. सरकारनंच सरकारी शाळांत कन्नड-इंग्रजी असे द्विभाषा वर्ग काढलेत. दुसरी भाषा इंग्रजी असली की चालतं, तर मराठी असल्यावर का चालू नये? आणि आपली माणसं म्हणतात, परप्रांतीयांमुळं मराठी शाळेचं मराठीपण जाईल. मला हे पटत नाही. आपल्यातल्या अनेकांनी स्वतःची मुलं केव्हाच इंग्रजी माध्यमात घातली. मागं राहिलेल्या वर्गांत आज ही पोरंच मराठी वाचतात, मराठी कविता म्हणतात. त्यांना आपण परकं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

ज्यांची मुलं सरकारी शाळेत आहेत, त्यांना माझी विनंती आहे. शाळा सुधारणा समितीच्या पुढच्या बैठकीत दोन ठराव मांडा. एक, दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाची घरची भाषा आई-बापाला विचारून नोंदवायची, अंदाजानं ‘हिंदी’ लिहायचं नाही. दोन, आवारातल्या किंवा शेजारच्या शाळेशी आठवड्याचे दोन तास बदलून घ्यायचे, आणि त्याची परवानगी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागायची. दोन्ही ठरावांचे मसुदे मी मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ठेवलेत. हवे असतील त्यांनी मेसेज करा, लगेच पाठवते.