पुन्हा त्या चाकांच्या बॅगा

रात्री दोन वाजता जिन्यावरून धडाधड बॅगा ओढायच्या, मग चुकीच्या दारात किल्ली घालून खटपट करायची, आणि आतून कुणी ओरडलं की ‘सॉरी’ म्हणून खिदळायचं. बार्सिलोनातल्या आमच्या इमारतीत आठवड्याआड हाच तमाशा! वरच्या मजल्यावरच्या आजी गेल्या, मालकाने घर पर्यटकांना द्यायला काढलं, आता तिथे नुसती धर्मशाळा झालीये. धर्मशाळेतले लोक तरी बरे, रात्री झोपतात.

बरं, भाड्याचं काय? दहा वर्षांत शहरातली भाडी ६८ टक्क्यांनी वाढली, हे २०२४ मध्ये खुद्द महापौर जाउमे कोल्बोनींनीच सांगितलं. पर्यटकांच्या दहा हजारांवर फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवणार म्हणे. तोवर आम्ही काय कानात बोळे घालून बसायचं?

आणि ती ११६ नंबरची बस! पार्क ग्वेल या पर्यटकांच्या लाडक्या बागेच्या चढावर राहणाऱ्यांची एवढीशी गाडी. पर्यटकांनी ती अशी गच्च भरायची की काठी टेकत आलेल्या म्हाताऱ्यांना आत शिरताच येईना. शेवटी पालिकेने तो मार्ग गूगल मॅप्सवरून काढायला लावला, तेव्हा कुठे त्यांना जागा मिळायला लागली. म्हणजे आपल्याच गल्लीतली बस चोरासारखी लपवायची!

आणि २०२४ च्या जुलैत पर्यटकांच्या गर्दीविरुद्धच्या मोर्चातल्या काही जणांनी पर्यटकांवर पिचकाऱ्या उडवल्या, तर जगभर केवढा गहजब. अहो, पाणीच होतं ते. तेही भर उन्हाळ्यात.