गाळ्यातील कामाची मालकी

भाडेकरूने व्यापारी गाळ्यात केलेले बांधकाम व सजावट मुदत संपताच आपोआप मालकाची होते, असे एका लेखात म्हटले आहे; ते विधान सरसकट मान्य करता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, करारात किंवा स्थानिक प्रथेत वेगळे काही नसेल, तर भाडेकरू स्वतः जोडलेल्या वस्तू काढून नेऊ शकतो; मात्र ताबा त्याच्याकडे असेपर्यंतच, आणि जागा मिळाली तेव्हा होती त्या स्थितीत सोडण्याच्या अटीवर. किल्ल्या सोपवल्यावर हा हक्क उरत नाही, आणि नेमक्या याच टप्प्यावर अनामत रकमेवरून वाद पेटतात.

महाराष्ट्रापुरते आणखी एक सांगावेसे वाटते. भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे मालकाच्या लेखी संमतीविना कायमस्वरूपी बांधकाम करणे हे जागा खाली करून घेण्याचे कारण ठरते. परंतु लाकडी पार्टिशन, फॉल्स सीलिंग, वातानुकूलन यंत्र किंवा धुराची चिमणी यांसारखी कामे, आवश्यक तेथे पालिकेची परवानगी घेतलेली असल्यास, कायमस्वरूपी बांधकामाच्या व्याख्येत येत नाहीत. एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेली रक्कम) असलेल्या कंपन्यांना दिलेल्या जागांना मात्र हा कायदा लागूच होत नाही, म्हणून तेथे सारी भिस्त करारावर असते.

पोटमाळा, फरशी, वाढवून घेतलेला वीजभार अशा प्रत्येक बाबीचा खर्च कोणाचा आणि शेवटी ती कोणाकडे राहणार, हे कराराच्या परिशिष्टात तारखेसह छायाचित्रे जोडून लिहिलेले असावे. 'मूळ स्थितीत परत' एवढेच छापील वाक्य (बहुतेक मसुद्यांत तेवढेच असते) मूळ स्थिती कोणती होती, हे सिद्ध करीत नाही.